ताईला विचारा : फंड जमवायचाय, पण मागायला लाज वाटते

यावेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची, पैसे जमत नाहीत. गणपती तोंडावर आलेत म्हणून असेल कदाचित. त्यामुळे सासूचे आणि भाडेकरूचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, रागावू नका.

प्रश्न : ताई, आमचा लोकमान्य नगरकडे मल्लखांबाचा ग्रुप आहे, आम्ही 18 जण मोठे आणि शिकणारी 30 मुलं. यंदा 1 लाख 80 हजार हवेत. 12 गाद्या (एक गादी साडेसहा हजाराची), नवा खांब 25 हजार, सरांचं मानधन महिन्याला 5 हजार, आणि स्पर्धांना जायचा खर्च 17 हजार. गेल्या वर्षी आम्ही ऑर्केस्ट्रा ठेवला होता. 150 ची 260 तिकिटं गेली, स्मरणिकेच्या जाहिराती 15 हजाराच्या. खर्च : हॉल 18 हजार, साऊंड 12, गायक 10, छपाई साडेचार, चहा-वडा 5,200. कार्यक्रम मस्त झाला, सगळे म्हणाले परत करा. करावा का?
— मल्लखांबवाला, इंदूर

अरे बाळा, तुझाच हिशोब परत वाच. आले 54 हजार, गेले 49,700. अठरा पोरं किती आठवडे राबली असतील ते तू लिहिलं नाहीस, पण हातात पडले 4,300, म्हणजे एक गादी पण नाही. फंड जमला, पण तो हॉलवाल्यासाठी आणि साऊंडवाल्यासाठी जमला. सगळे परत करा म्हणणारच, त्यांना दीडशे रुपयांत तीन तास गाणी आणि वर वडा मिळाला.

हसत नाहीये हं मी, कारण हाच आगाऊपणा मी स्वतः केलाय. आमच्या महिला मंडळाने एकदा नाटक ठेवलं होतं, 400 खुर्च्यांचा हॉल, तिकिटं विकली गेली 140 आणि बाकीचे पास, आणि पास कोणाला दिले तर ज्यांना तिकीट सहज परवडलं असतं नेमके त्यांनाच. त्यात संध्याकाळी असा पाऊस लागला की पासवाले पण आले नाहीत. खजिनदार मी, शेवटी 2,600 रुपये घरून घातले, आमच्या ह्यांना अजून सांगितलेलं नाही, आता हे वाचून कळेल.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. पहिलं तिकीट छापायला टाकायच्या आधी हॉल, साऊंड, छपाई सगळ्याचे पैसे कोणीतरी कबूल केलेले पाहिजेत, म्हणजे तिकिटाचा प्रत्येक रुपया कामाला जातो. तेवढं कबूल करणारं कोणी मिळत नसेल तर कार्यक्रम करूच नये. आपल्या इंदूरात मराठी नाटकं आणणाऱ्या सानंद न्यासाचं बघ ना, तिथे सभासदांची वर्गणी आधी येते, नाटक मागून येतं. आपण उलटं करतो, आधी बॅनर लावतो आणि मग प्रेक्षक शोधत फिरतो.

बरं, मग करायचं काय. तुझ्या पत्रात कामाची गोष्ट कंसात टाकलीयेस तू, गादी साडेसहा हजाराची. 1 लाख 80 हजार ऐकलं की समोरच्याला वाटतं आपल्या शंभर रुपयांनी काय होणार, आणि "संस्थेच्या विकासासाठी मदत करा" म्हटलं की तो 51 काढतो आणि दार लावून घेतो. पण साडेसहा हजाराची गादी त्याच्या डोळ्यांसमोर येते. तर यादीचे तुकडे करा. 12 गाद्या म्हणजे 24 अर्ध्या गाद्या, अर्धी 3,250 ची. सरांचा एक महिना 5 हजाराचा, असे बारा महिने बारा घरांत वाटून द्या, कोणी मुलाच्या वाढदिवसाचा महिना घेईल तर कोणी वडिलांच्या पुण्यतिथीचा. खांब तुमच्याकडे शिकून गेलेल्या जुन्या मुलांवर सोडा, जे आता पुण्या-बंगलोरला नोकरीला आहेत, त्यांच्या पाठीचं कातडं त्याच खांबावर सोलवटलंय, ते नाही म्हणणार नाहीत. प्रवासखर्चाचे 17 हजार मात्र शे-दोनशेच्या पावत्यांनी येऊ द्या, कारण लहान देणाऱ्यालाही जागा पाहिजे.

आता मागायचं कसं. मागच्या वर्षी एका अभ्यासिकेच्या टेबलांसाठी मी दोन पोरांबरोबर स्नेहलतागंजात फिरले. पहिल्या घरात पोरगं म्हणालं, "काका, जे जमेल ते द्या." काकांनी 51 दिले आणि वर अभ्यास करा म्हणून सांगितलं. जिन्यातच मी त्याचे कान उपटले. दुसऱ्या घरात त्याने नीट सांगितलं, "काका, एक टेबल 2,400 चं आहे, त्यावर चार मुलं बसतात, एका मुलाचे 600 होतात. तुम्ही एका मुलाचे द्याल का?" आणि गप्प बसला. हे गप्प बसणं फार अवघड बरं का, आपल्याला वाटतं काहीतरी बोलावं, नाहीतर "थोडे कमी चालतील" असं तोंडातून निघून जातं. पंखा फिरत होता, काकू आतून डोकावून गेल्या. काकांनी चष्मा काढला, पुसला, आणि विचारलं, "टेबलाला ड्रॉवर आहे का?" आहे म्हटलं. "मग दोन पोरं माझी," म्हणाले आणि 1,200 दिले.

अजून एकदोन बारीक गोष्टी सांगते, त्या कोणी सांगत नाही. पावती पुस्तकातलं पहिलं पान कधी 11 रुपयांनी सुरू करायचं नाही. माणूस पेन हातात घेऊन आधी मागची पानं चाळतो, बाकीच्यांनी किती दिले ते बघतो आणि तेवढेच लिहितो. म्हणून आधी घरचे लोक, तुम्ही अठरा जण आणि मुलांचे आईवडील, मग बाहेर. आणि जायचं ते महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी. रविवारी दुपारी झोपमोड करून कोणी अर्धी गादी देत नाही.

आणि कार्यक्रम करायचाच असेल तर तुमचा खेळच कार्यक्रम आहे की रे! मल्लखांब 2013 पासून मध्य प्रदेशचा राज्य खेळ आहे, गायक भाड्याने कशाला आणता? गणपतीत दोन-चार मोठ्या टाऊनशिपवाल्यांना विचारा, आरतीनंतर पंधरा मिनिटं द्या म्हणावं. दहा वर्षांची पोरगी एरंडेल लावलेल्या खांबावर उलटी लटकली की लोक मोबाइल काढतातच, तेव्हा शेजारी क्यूआर कोड घेऊन दोन मुलं उभी पाहिजेत, आणि त्यांच्या मागे गाद्यांचा तक्ता, कोणत्या गेल्या कोणत्या राहिल्या तो. फाटकी गादी पण घेऊन जा, लपवू नका, ती बघून लोक देतात. माइकचं काम दहाच्या आत उरका, दहा ते सहा लाऊडस्पीकर बंद असतो.

प्रश्न : आम्ही राजेंद्र नगरच्या बायका मुलींच्या शाळेच्या फीसाठी खिचडीचा स्टॉल लावतो, शिवाय यंदा 100 रुपयांची कुपनं काढून लकी ड्रॉमध्ये स्कूटी ठेवायचा विचार आहे. कसं वाटतं?
— सहा जणींच्या वतीने एक

कुपनं छापायला दिली असतील तर आजच फोन करून थांबवा. पैसे घेऊन चिठ्ठी काढायची आणि नशिबाने बक्षीस द्यायचं ही कायद्याच्या भाषेत लॉटरी, आणि खासगी लॉटरी चालवणं गुन्हा आहे, आधी आयपीसीचं कलम 294-क होतं, आता भारतीय न्याय संहितेचं 297. "सगळेच करतात" हे खरंय, पण एखाद्या नाराज माणसाने तक्रार केली की मुलींची फी राहील बाजूला आणि तुम्ही ठाण्याच्या बाकावर. त्यापेक्षा आपला जुना सवाल बोला ना! गणपतीपुढचा नारळ नाहीतर पहिला मोदक, चढती बोली, जो जास्त बोलेल त्याचा. तिथे नशिबाचा प्रश्नच नाही. कोणी पैठणी दिली तर ती पण लिलावात ठेवा.

खिचडीबद्दल खरं सांगू? पाच किलो साबुदाण्यात साठ-पासष्ट प्लेटी निघतात. 50 ला एक म्हणजे तीन हजार, त्यातून साबुदाणा, दाणे, तूप, गॅस, द्रोण वजा केले की दीड हजाराच्या आसपास उरतात, त्यासाठी सहा जणी पहाटेपासून दाणे कुटतायत. आणि हे इंदूर आहे, इथे सराफ्यात रात्री बारा वाजता खाणारे लोक, खिचडीत लिंबू कमी पडलं तरी तोंडावर सांगतात. मी स्टॉल बंद करा म्हणत नाही, पण त्याला कमाई समजू नका. खिचडी संपेपर्यंत माणूस पाच मिनिटं जागेवर उभा असतो, ती पाच मिनिटं कमाईची. एक जण कढईवर, एक गल्ल्यावर, आणि उरलेल्या चौघींनी फक्त बोलायचं, कुठली मुलगी कितवीत आहे, वर्षाची फी किती (मुलींची नावं आणि फोटो मात्र लावू नका, त्यांना त्याच शाळेत जायचंय). कचऱ्याचे डबे ओला-सुका वेगळे ठेवा हे राजेंद्र नगरला मी काय सांगणार.

प्रश्न : मी मंडळाचा नवा खजिनदार. एक जण 80-जी ची पावती मागतोय, एकाचा मुलगा न्यू जर्सीहून पैसे पाठवतो म्हणतोय, आणि सध्या क्यूआर कोड माझ्या स्वतःच्या खात्याचा लावलाय. बरोबर ना?
— खजिनदार, सुदामा नगर

नाही भिया, बरोबर नाही. शेवटचं आधी घेते. क्यूआर उद्या सकाळी काढा. तुमच्या खात्यात आलेले पैसे आयकरवाल्यांना तुमचे दिसणार आणि मंडळातल्यांना पण हळूहळू तसंच दिसायला लागेल. सात जण मिळून मध्य प्रदेशच्या 1973 च्या सोसायटी कायद्याखाली संस्था रजिस्टर करता येते, मग संस्थेचं पॅन, मग संस्थेचं खातं, दोघांच्या सहीचं.

80-जी म्हणजे देणाऱ्याला देणगीवर करात सूट मिळावी म्हणून संस्थेने घ्यायची आयकर खात्याची वेगळी मंजुरी, नुसत्या सोसायटीच्या रजिस्ट्रेशनने मिळत नाही. नसेल तर तोंडावर नाही म्हणा, खोटी पावती देऊ नका. मिळाली तरी 2 हजारांच्या वरची देणगी रोख घेतली तर देणाऱ्याला सूट नाही, आणि जे नव्या टॅक्स रिजीममध्ये आहेत त्यांना ही सूट तशीही मिळत नाही. म्हणजे कितीतरी पगारदार मंडळी सवयीने पावती मागतात. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आहे, कलमांचे नंबर बदललेत, सीएला एकदा भेटाच.

न्यू जर्सीवाल्याला एकच विचारा, पासपोर्ट कुठला? भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकेचा झाला असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी ती विदेशीच, एफसीआरए म्हणजे विदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी नसताना घेऊ नका. त्याच्या वडिलांनी इथे आपल्या पेन्शनमधून दिले तर मात्र कोणी विचारत नाही.

प्रश्न : ताई, सासरे म्हणतात दारोदार मागणं म्हणजे भीक. मला पण लाजच वाटते.
— एक सून, रामबाग

सासऱ्यांना म्हणावं, तळेगावचा काचेचा कारखाना 1908 सालचा, तो उभा राहिला पैसा फंडातून, अंताजी दामोदर काळ्यांनी लोकांकडून एक-एक पैसा मागून जमवलेला, आणि टिळक त्यांच्या पाठीशी होते. आणि आपल्या इथलंच बघा, हुकुमचंद मिल 1991 ला बंद पडली, मालक गेले, पगार गेले, तरी अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतातच ना? थोडी सरकारी मदत, आणि बाकी कामगारांनी दुकानादुकानांत फिरून मागितलेला चंदा. त्यांना कोणी भिकारी म्हणतं का? उलट रात्रभर जागून बघायला आपणच जातो. पहिली तीन घरं जड जातात, तेवढी एखाद्या मैत्रिणीला घेऊन करा.

प्रश्न : देणगीदारांसाठी आभाराचा कार्यक्रम ठेवायचाय, शाल-श्रीफळ चांगलं की ट्रॉफी?
— कार्यवाह, एक युवक मंडळ

दोन्ही नको. देणगीच्याच पैशातून शाल घेणार आणि ती त्यांच्या कपाटात अकरावी होणार. त्याऐवजी एका कागदावर हिशोब द्या, आले किती गेले किती, उरले असतील तर ते पण लिहा, आणि दिवाळीच्या सुमारास एक फोन करा ज्यात काहीही मागायचं नाही.

ते वर सांगितलेले स्नेहलतागंजचे काका, "दोन पोरं माझी" वाले. त्यांना दिवाळीत फोन केला तर म्हणाले, "त्या ड्रॉवरमध्ये पोरं ठेवतात काय?" मला काय माहीत! दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत जाऊन उघडून बघितला. दोन कंपास, पतंगाची तुटकी फिरकी, आणि खूप सारी शेंगदाण्याची टरफलं. तसंच्या तसं त्यांना सांगितलं. बराच वेळ हसले. यंदा चार पोरं घेतो म्हणालेत.