बाण शेतकऱ्याच्या तोंडचा

प्रिय पोरी,

तुझी वही आणि पत्र, दोन्ही वाचलं. चोपडा तालुक्यातल्या अकरा कापूसवाल्यांशी बोललीस, प्रत्येकाच्या डोक्यातला नकाशा, म्हणजे गोलात एकेक गोष्ट आणि कशामुळे काय होतं ते बाणाने, असा कागदावर उतरवलास, आणि आता एकेका पानावर तीस-तीस गोल नि बाणांचं जाळं पाहून घाबरलीस. 'सर, थोडे गोल कमी करू का?' असं विचारतेस. नको करूस. अजून तरी नको.

फरदडीचंच घे, म्हणजे मुख्य वेचण्या झाल्यावरही कपाशी वावरात ठेवण्याचं. डिसेंबरअखेर कपाशी उपटा, गुलाबी बोंडअळीची साखळी तोडा, हे २०१७ च्या हंगामापासून गावोगाव सांगून सांगणाऱ्यांचे घसे बसले. तरी फेब्रुवारीत वावरात पऱ्हाट्या उभ्याच. तू 'अज्ञान' असा गोल काढलास आणि तिथून 'फरदड'कडे बाण ओढलास. अकरांपैकी 'अज्ञान' हा शब्द कोण बोललं, सांग बरं? कोणीच नाही. तो गोल तुझा, बाणही तुझा. बाण शेतकऱ्याच्या तोंडचा हवा.

आता तुझं सातवं पान काढ. नाना म्हणतात, लाईट रात्रीच्या पाळीला येते, शिवारात बिबट्या फिरतो, 'रातले वावरमा कोन जाई?' मग गव्हाला वेळेवर पाणी होत नाही. त्यापेक्षा उभ्या कपाशीला सवडीने एखादं पाणी दिलं तर दोन वेचण्या तरी पदरात पडतात. बिबट्यापासून रात्रीचं पाणी, तिथून गहू, तिथून फरदड, तिथून अळी. एवढी सरळ वाट तुझ्या हातात होती, आणि तू 'बिबट्या' खोडून बाजूला लिहिलंस, 'विषयाबाहेरचे'! राग आला मला. तुझा कमी, माझा जास्त.

कारण मीही हेच केलंय. रावेर-यावल पट्ट्यात केळीवाल्यांना विचारत फिरायचो, मृगबाग का, कांदेबाग का, म्हणजे लागवड पावसाळ्याच्या तोंडाला की पावसाळा सरताना. एका घरी मालक बोलत होते आणि दाराआडून मावशी म्हणाल्या, 'पोरीचं लग्न उन्हाळ्यात धरलंय, माल त्याच्या आधी कापला पाहिजे.' मी वहीत 'लग्न' लिहिलं. घरी येऊन त्यात सोसायटीचं कर्ज मिसळलं आणि दोन्हींचा मिळून एक गोल केला, 'आर्थिक गरज'. कर्जाला मार्चची तारीख असते, लग्नाला मुहूर्त आणि चार माणसांची लाज असते. दोन्ही लागवडीचा महिना वेगळ्या बाजूंना ओढतात. माझ्या एका गोलात ती ओढाताणच बुजून गेली. नकाशा देखणा झाला, साहेबांनी वाखाणला. पुढे तोच त्या मालकांना दाखवला तर म्हणाले, 'चांगलंय, पण हे कोणाच्या गावचं?'

आळस नव्हता तो. मुदत डोक्यावर होती, वरून एका पानात मागितलं होतं, तक्ते हाताने मांडायचे होते. माझ्या जागी दुसऱ्यानेही तेच केलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. मावशींचा आवाज तरीही जात नाही.

राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांचं अशाच नकाशांवरचं १९७६ चं काम तू वाचलंयस. त्यात १९१८ च्या एका ब्रिटिश समितीच्या बैठकांचा नकाशा आहे, आणि तो बैठकांच्या शब्दशः नोंदींवरून काढलाय. मंत्र्यांचा शब्द जसाच्या तसा घ्यायचा आणि नानांचा मात्र आपण सुधारायचा, हे कुठलं शास्त्र? बार्ट कोस्को यांच्या पद्धतीने बाणांना उणे एक ते अधिक एक अशी वजनं, म्हणजे एक गोष्ट दुसरीला किती जोराने घटवते की वाढवते, ती नंतर दे, घाई नाही. प्रत्येक मुलाखतीत नवे गोल किती आले ते मोजत जा. ते यायचे थांबले की समज, पुरेशी माणसं झाली. गोल एकत्र करायचे ते त्यानंतर, आणि कोणता शब्द कशात गेला याची यादी शेजारी ठेवून. तोवर बाण शेतकऱ्याच्या तोंडचाच. कितीदा सांगू!

आणि पारावर बसून विचारू नकोस. तिथे चारचौघांत माणूस कृषी सहायकाचीच भाषा बोलतो. वावरात जा, बांधावर बस, 'आणि मग?' एवढंच विचार. घरातल्या बाईलाही बसव. पऱ्हाट्या चुलीला लागतात, हे तुझ्या अकरा पानांत कुठेच नाही, कारण तू एकाही बाईशी बोलली नाहीस.

वही परत पाठवतोय. सातव्या पानावर 'बिबट्या' मी पेन्सिलीने पुन्हा लिहिलाय. येत्या आठवड्यात नानांकडे जा, अख्खा नकाशा त्यांना वाचून दाखव, आणि ते मान हलवतील तिथे पेन त्यांच्याच हातात दे.

तुझे,
सर