वाचकांचे प्रश्न : ड्यूररचे ठसे

प्रश्न : जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररच्या वुडकटमधल्या (लाकडी ठोकळा कोरून घेतलेल्या छापांमधल्या) केसासारख्या बारीक रेषा त्याने स्वतः कोरल्या का? वुडकट आणि एन्ग्रेव्हिंग (तांब्याच्या पत्र्यावर खोदून घेतलेले छाप) छापावरून कसे ओळखावेत?

उत्तर : ड्यूरर (१४७१–१५२८) न्यूरेंबर्गच्या सोनाराचा मुलगा. धातूवर ब्युरिन (खोदायचं टोकदार हत्यार) चालवायला तो वडिलांच्याच कारखान्यात शिकला. १४८६ मध्ये तो मिखाएल वोल्गेमुट या चित्रकाराकडे उमेदवारीला गेला. तिथे पुस्तकांसाठी वुडकट तयार होत. त्या काळच्या रीतीप्रमाणे चित्रकार लाकडावर रेखाटन करी आणि कोरणारा कारागीर वेगळा असे. बायबलमधल्या जगाच्या अंतावरच्या ‘अपोकॅलिप्स’ची (१४९८) पंधरा मोठी चित्रं ड्यूररने स्वतः कोरली की नाही, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. सम्राट माक्सिमिलियानसाठीच्या ‘विजयकमान’ या प्रचंड वुडकटचे ठोकळे मात्र हिएरोनिमस आंद्रेए आणि त्याच्या कारागिरांनी कोरले. तांब्याचे पत्रे ड्यूररने इतरांच्या हाती दिले नाहीत.

ओळखायचं असेल तर भिंग घेऊन आडव्या-उभ्या रेषा एकमेकींना छेदतात ती जागा पाहा. लाकडात रेषा उंच ठेवून आजूबाजूचं लाकूड काढतात, म्हणजे दोन रेषांमधला प्रत्येक पांढरा चौकोन वेगळा टोकरून काढावा लागतो. घाई झाली की कोपरे बोथट राहतात किंवा रेषेचा टवका उडतो. तांब्यात उलट. ब्युरिनने खोदलेली खाच हीच रेषा, त्यामुळे एका रेषेवरून दुसरी सरळ ओढता येते. रेषा टोकाशी निमुळती होते आणि मधे फुगते, कारण हाताचा जोर वाढतो तशी खाच खोल आणि रुंद होत जाते. वळणदार रेषेसाठी हात वळवत नाहीत, उशीवर ठेवलेला पत्राच फिरवतात. कडेला वर आलेली तांब्याची कीस खरवडून काढली नाही, तर रेषेभोवती शाई धरून राहते आणि छाप मळकट दिसतो.

प्रश्न : ड्यूररच्या ‘मेलेन्कोलिया’ या एन्ग्रेव्हिंगमधल्या जादूच्या चौरसात चूक आहे असं ऐकलं. खरं आहे का?

उत्तर : गणितात चूक नाही. आडव्या, उभ्या, तिरप्या कुठल्याही ओळीची बेरीज ३४ येते आणि तळच्या ओळीत मधोमध १५ आणि १४, म्हणजे चित्राचं साल १५१४. चूक झाली ती कोरताना. पत्र्यावर सगळं उलटं कोरायचं असतं, पण नऊ सुलटा कोरला गेला. म्हणून पहिल्या अवस्थेच्या, म्हणजे पत्रा दुरुस्त होण्याआधीच्या छापांत तो उलटा दिसतो, पुढच्या अवस्थेत दुरुस्त झालेला. अशी दुरुस्ती करताना खाच खरवडून पृष्ठभाग घासतात, पडलेला खळगा पाठीमागून हलके ठोकून वर आणतात आणि मग नव्याने कोरतात. लाकडात एवढी मुभा नाही. तिथे चुकलेला तुकडा कापून नवं लाकूड बसवावं लागतं.

प्रश्न : मग त्याने एचिंग (आम्लाने पत्र्यावर रेषा कोरण्याचं तंत्र) का सोडलं?

उत्तर : १५१५ ते १५१८ दरम्यान त्याने एचिंगचे सहाच पत्रे केले, तेही लोखंडाचे. तेव्हाच्या आम्लाने लोखंडावर रेषा जाडसर आणि एकाच जाडीची येई. शिवाय लोखंड गंजतं. ‘तोफ’ (१५१८) या चित्राच्या उशिराच्या छापांत गंजाचे ठिपके स्पष्ट दिसतात. ब्युरिनवर एवढा ताबा असलेल्या माणसाने यात अडकून का राहावं?

प्रश्न : तो चित्रकार म्हणून श्रेष्ठ की मुद्राचित्रकार म्हणून?

उत्तर : हिशेब त्यानेच मांडून ठेवला आहे. फ्रँकफर्टच्या याकोब हेलरने चर्चच्या वेदीसाठी चित्र सांगितलं. ठरले होते १३० गुल्डन (तेव्हाचं जर्मन नाणं), काम लांबत गेलं आणि शेवटी २०० मिळाले. १५०९ मध्ये ड्यूररने हेलरला कळवलं की यापेक्षा एन्ग्रेव्हिंग करत बसलो असतो तर जास्त कमाई झाली असती. बारीक रंगकामात महिनोन्‌महिने जात आणि चित्र एकदाच विकलं जाई. वुडकटचा ठोकळा मात्र अक्षरं छापायच्याच यंत्रावर चढे आणि त्याचे कितीतरी छाप निघत. पत्नी आग्नेस जत्रांमध्ये छाप विकत असे. तरीही १५२६ ची ‘चार प्रेषित’ ही चित्रं प्रत्यक्ष पाहिलेल्याने त्याला नुसता ठसेकार म्हणू नये.

प्रश्न : ‘गेंडा’ या वुडकटमधला गेंडा त्याने प्रत्यक्ष पाहिला होता का?

उत्तर : नाही. गुजरातच्या सुलतानाकडून आलेला गेंडा मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला. ड्यूररच्या हाती पोचलं ते एक वर्णन आणि रेखाटन. म्हणून अंगावर चिलखताचे पत्रे आणि मानेवर एक जादा शिंग. ठशावरच्या मजकुरात गेंडा आल्याचं साल १५१३ छापलंय, तेही चुकीचं.