योकोहामात राहतो, जपानी जेमतेम येतं. केंदो शिकण्यासाठी जवळचा दोजो कसा शोधू?

तुमच्या प्रश्नात तुम्ही सांगितलंय की नोकरीनिमित्त योकोहामात आलात, वय 34, केंदोचा, म्हणजे जपानी तलवारबाजीचा, अनुभव काहीच नाही, आणि नकाशावर 'दोजो' (सरावाची जागा) शोधलं की कराटे, आइकिदो दिसतात पण केंदो दिसत नाही. सात वर्षांच्या मुलीलाही सोबत न्यावं का, असंही विचारलंय. मी याच कानागावा प्रिफेक्चरमध्ये (प्रांतात) राहतो आणि मोठ्या वयात सुरुवात करून बरीच वर्षं केंदो करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नकाशावर केंदो दिसत नाही, कारण केंदोचे बहुतेक गट स्वतःच्या इमारतीत भरतच नाहीत. शाळा सुटल्यावर रिकामा होणारा प्राथमिक शाळेचा जिम, वॉर्डच्या स्पोर्ट्स सेंटरमधला लाकडी फरशीचा हॉल, पोलिस ठाण्यातली सरावाची खोली, अशी जागा आठवड्यातल्या एक-दोन संध्याकाळी ठरलेल्या वेळेपुरती मिळते आणि तेवढ्या वेळापुरता तो दोजो असतो. नंतर त्याच फरशीवर कुणी बॅडमिंटन खेळत असतं. दारावर पाटी नसते, आणि बऱ्याच गटांची वेबसाइट असली तरी ती कुणी अद्ययावत ठेवत नाही. तेव्हा इमारत शोधू नका. आपल्या वॉर्डात कोणत्या वारी, किती वाजता, कुठे केइको, म्हणजे सराव, चालतो ते शोधा.

योकोहामात हे सोपं आहे. शहरात 18 वॉर्ड आहेत आणि प्रत्येक वॉर्डात एक स्पोर्ट्स सेंटर आहे. तुमच्या वॉर्डच्या सेंटरवर कामावरून येताना थांबा आणि काउंटरवर फक्त 'केंदो' म्हणा. कोणता गट कधी हॉल घेतो ते त्यांच्या वेळापत्रकात असतं. तिथेच सूचनाफलकावर हाताने लिहिलेले, सदस्य हवेत असे कागद लावलेले असतात, तेही बघा. शिवाय महानगरपालिकेचं 'कोहो योकोहामा' हे मासिक पत्रक येतं, त्यात प्रत्येक वॉर्डाची वेगळी पानं असतात. क्रीडावर्गांच्या सूचना त्यात छापून येतात. 'शोशिन्शा क्योशित्सु' दिसलं तर तो नवशिक्यांचा वर्ग. असा वर्ग वॉर्डची केंदो संघटना चालवत असेल तर तो सोडू नका, कारण तो संपल्यावर त्याच शिक्षकांच्या नेहमीच्या गटात तुम्हाला जाता येतं.

दुसरा रस्ता संघटनेचा. अखिल जपान केंदो महासंघ 1952 साली स्थापन झाला. त्याच्याखाली 47 प्रिफेक्चरच्या संघटना, त्यांच्याखाली शहरं आणि वॉर्ड, अशी उतरंड आहे. कानागावाच्या आणि योकोहामाच्या संघटनेकडे गटांची माहिती असते. फोन करायचा झाला तर ऑफिसमधल्या जपानी सहकाऱ्याला करायला सांगा. तुम्ही कोण, कुठे काम करता, हे दुसऱ्या कुणी दोन वाक्यांत सांगितलं की इथे बोलणं पटकन पुढे सरकतं. ईमेलवर मात्र विसंबू नका. हे गट चालवणारे लोक पुष्कळदा सत्तरीचे असतात आणि ईमेलला उत्तर न येणं म्हणजे नकार नव्हे.

तिसरा रस्ता मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो: केंदोच्या सामानाचं दुकान, म्हणजे 'बुगुतेन'. दुकानदार त्या भागातल्या बहुतेक सेन्सेईंना (शिक्षकांना) ओळखतो, कारण त्यांच्या शिनाई (बांबूच्या तलवारी) आणि दुरुस्तीला आलेलं चिलखत त्याच्याच हातून जातं. कोणत्या गटात मोठ्या वयाचे नवशिके आहेत, कुठे फक्त मुलं आहेत, कुठे सराव फार कडक आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. दुकानात जा, काही विकत घेण्याची घाई करू नका, पण विचारा. तो स्वतःच फोन उचलून कुणाला तरी लावेल, अशी शक्यता बरीच आहे.

जपानीची भीती बाळगू नका. एवढं एक वाक्य पाठ करा: 'ओतोना नो शोशिन्शा देसु गा, केन्गाकु देकिमासु का?' मी मोठ्या वयाचा नवशिका आहे, सराव बघायला येऊ का, असा त्याचा अर्थ. फोनच्या जपानी कीबोर्डवर 'केंदो', 'शोशिन्शा', 'केन्गाकु' आणि तुमच्या वॉर्डाचं नाव उच्चाराप्रमाणे टाइप केलंत की कांजी (जपानी चित्रलिपी) आपोआप सुचवली जाते. तशा शोधात इंग्रजी शोधापेक्षा कितीतरी जास्त गट सापडतात. शहरातल्या अनेक वॉर्डांत परदेशी रहिवाशांसाठी आंतरराष्ट्रीय लाउंज आहेत, तिथले लोकही चौकशीला मदत करतात.

इंग्रजीत शिकवणारा गटच हवा, हा आग्रह मात्र सोडा. असे गट तोक्योत आहेत, चांगलेही आहेत. पण ऑफिस सुटल्यावर तासभर गाडीत उभं राहून जायचं, चिलखताची पिशवी सांभाळायची आणि रात्री अकराला घरी यायचं, हे फार काळ निभत नाही. केंदो टिकतो तो घरापासून चालत किंवा सायकलने जाता येईल अशा जागी. सरावातली भाषा थोडीच असते: मोजणी, काही आज्ञा, फटक्यांची नावं. मेन म्हणजे डोकं, कोते म्हणजे मनगट, दो म्हणजे बरगडी, त्सुकी म्हणजे गळ्यावर शिनाईच्या टोकाने केलेला वार, आणि त्सुकी तुम्हाला सुरुवातीला कुणी शिकवणारही नाही. बाकी सगळं बघून करायचं असतं, शेजारची दहा वर्षांची मुलंही तसंच शिकतात.

नामांकित दोजो शोधण्याचीही गरज नाही. नेहमीच्या नियमाने शोदान, म्हणजे पहिला दान (दान म्हणजे कौशल्याची पायरी), मिळाल्यापासून 7 दानच्या परीक्षेला बसेपर्यंत किमान 21 वर्षं जातात. तरीही इथे वॉर्डच्या साध्या जिममध्ये 7 दानचे शिक्षक भेटणं नवलाचं नाही. त्याच्यावरच्या 8 दानला बसायला वय किमान 46 आणि 7 दाननंतर 10 वर्षं लागतात, आणि त्यात शंभरात साधारण एकच उत्तीर्ण होतो. अशा वाटेवर आयुष्य घातलेली माणसं दिवसा ऑफिसात किंवा शाळेत काम करतात आणि संध्याकाळी तुमच्या गल्लीतल्या मुलांना पाऊल कसं टाकायचं ते शिकवतात. केंदोबद्दल मला सगळ्यांत प्रिय असलेली गोष्ट हीच.

आणि यातले बहुतेक जण मानधन घेत नाहीत. महिन्याची 'काइही', म्हणजे वर्गणी, अशा गटांत साधारण 1000 ते 3000 येन असते, आणि ती हॉलच्या भाड्यात नि किरकोळ खर्चात जाते. म्हणून तिथे ग्राहक म्हणून जाऊ नका. कोल्हापूरच्या तालमीत वस्तादाला कुणी 'बॅच कितीची, फी किती' असं विचारत आत शिरत नाही, तसंच हे समजा. सरावाच्या आधी पोहोचा, झाडू दिसला तर फरशी झाडा, निघताना दिवे आणि दारं बंद करायला थांबा. भाषा कच्ची असली तरी हे दिसतं, आणि दिसल्यावर माणसं शिकवायला आपणहून पुढे येतात.

केन्गाकुला, म्हणजे सराव बघायला, जाल तेव्हा बूट दाराशी काढा, आत शिरताना वाका, आणि सांगतील तिथे पूर्ण वेळ बसा. मध्येच उठून जाऊ नका, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. आणि नीट बघा. मोठी माणसं येतात का, की सगळी मुलंच? नवशिक्याला कुणी बाजूला घेऊन शिकवतंय का, की तो कोपऱ्यात एकटाच शिनाई फिरवतोय? वयस्कर सेन्सेई स्वतः चिलखत घालून उभे राहतात का? चुकलेल्या मुलाला ते कसं सांगतात? कडकपणा आणि अपमान यांत फरक असतो आणि तो कळायला भाषा लागत नाही. जिथे शिकाऊ माणसाला हिणवून बोललं जातं, तिथे पुन्हा जाऊ नका, शिक्षकांचा दान कितीही मोठा असो.

आता तुमची मुलगी. तिला नक्की न्या. तिच्यामुळे तुमचंही काम सोपं होईल. मुलांचा सराव संध्याकाळी सहा-साडेसहाला असतो आणि त्याच जागी नंतर मोठ्यांचा. मुलांना सोडायला आलेले आईबाप हळूहळू स्वतःच शिनाई हातात घेतात, असं जपानभर घडत आलंय. अनेक पोलिस ठाण्यांतही मुलांना केंदो शिकवला जातो, पण तिथे तुमच्यासारख्या प्रौढ नवशिक्याला सहसा जागा नसते, त्यामुळे दोघांसाठी स्पोर्ट्स सेंटरचा किंवा शाळेच्या जिममधला गट बरा. मात्र मुलांच्या गटात पालकांवर कामं येतात: पाण्याचे थर्मास, स्पर्धेच्या दिवशी सामान वाहणं, वर्षअखेरीचा हिशोब. आपली पाळी आली की ती करायची.

सामानावर सुरुवातीला खर्च करू नका. पहिले काही आठवडे टी-शर्ट, ट्रॅक पँट आणि एक शिनाई पुरते. प्रौढांची शिनाई जास्तीत जास्त 120 सेंटिमीटर लांब, पुरुषांसाठी वजन किमान 510 ग्रॅम. मुलीची लांबी सेन्सेईच सांगतील. मग केइकोगी (सरावाचा अंगरखा) आणि हाकामा (घोळदार विजार). 'बोगू', म्हणजे डोक्याचं, छातीचं, हाताचं आणि कमरेचं चिलखत, साधारण तीन ते सहा महिन्यांनी अंगावर येतं. नवा साधा संच 50000 येनच्या पुढे जातो, पण बऱ्याच गटांत कपाटात जुने संच ठेवलेले असतात आणि सुरुवातीला तेच वापरायला देतात. सेन्सेईंना विचारल्याशिवाय ऑनलाइन संच मागवू नका. डोक्याचं माप चुकलं तर तो निरुपयोगी. खेळाडूंचा अपघात विमाही गटामार्फत काढतात, प्रौढांना वर्षाला 2000 येनच्या आसपास. शिनाईची तपासणी मात्र पहिल्या दिवसापासून सवयीची करा. बांबूची कपची निघाली असेल तर ती मुखवट्याच्या जाळीतून समोरच्याच्या डोळ्यात जाऊ शकते.

वयाची काळजी नको, पण टाचेची घ्या. केंदोत डाव्या पायाने ढकलून उजवं पाऊल फरशीवर आपटत पुढे जायचं असतं, आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या प्रौढांची डाव्या पायाची अकिलीस शीर यात दुखावते. थंडीत अनवाणी पायांनी गार फरशीवर उभं राहण्याआधी पोटऱ्या नीट ताणून घ्या. तळपायाला फोडही येतील, ते बरे होतात. मोठ्याने ओरडायला पहिल्यांदा संकोच वाटतो, पण आवाजाशिवाय मारलेला फटका केंदोत धरत नाहीत, म्हणून संकोच पहिल्याच महिन्यात मोडा.

एकदा गट धरला की तोच धरून राहा. परीक्षांचे अर्ज गटातून वॉर्डच्या संघटनेकडे आणि तिथून पुढे जातात. प्रत्येक माणसाचं एक मूळ ठिकाण असतं. दुसरीकडे सरावाला जायला 'देगेइको' म्हणतात. ती पद्धत चांगली आहे, पण आधी आपल्या सेन्सेईंना सांगून जायचं, म्हणजे ते तिथे निरोपही देतात. दोन-तीन ठिकाणी फिरून मग ठरवायचं असेल तर ते केन्गाकुच्या टप्प्यावर करा, नाव नोंदवल्यावर नको.

दरम्यान 3 नोव्हेंबरला तोक्योच्या निप्पोन बुदोकानमध्ये अखिल जपान अजिंक्यपद स्पर्धा असते. मुलीला घेऊन ती बघायला जा. मे महिन्याच्या सुरुवातीला क्योतोत 1899 साली बांधलेल्या बुतोकुदेन या युद्धकलांच्या सभागृहात देशभरातले वरिष्ठ खेळाडू जमतात. तिथे पाऊणशे वयाची माणसं एकमेकांसमोर उभी राहतात तेव्हा बराच वेळ काहीच हलत नाही आणि मग एकच फटका पडतो. काही महिने सराव झाल्यावर हे बघितलंत तर जास्त कळेल.

आणि एप्रिलची वाट पाहू नका. शाळांचं वर्ष तेव्हा सुरू होतं म्हणून पुष्कळ वर्ग एप्रिलचे असतात, पण वॉर्डचे गट वर्षभर नवीन माणूस घेतात. या आठवड्यात स्पोर्ट्स सेंटरवर जाऊन वेळापत्रक घ्या आणि पुढच्या आठवड्यात मुलीला घेऊन केन्गाकुला जा.