क्रायसिस म्हणजे निवाड्याची घडी

प्रश्न असा आहे: ‘क्रायसिस’चा नेमका अर्थ काय, तो शब्द आला कुठून, मराठीत त्याला संकट म्हणावं की पेचप्रसंग, आणि ‘क्रूशल’ हा त्याचाच भाऊबंद का?

शेवटचं आधी. नाही. क्रूशल आला लॅटिन ‘क्रुक्स’वरून, म्हणजे क्रूस. त्याला ‘निर्णायक’ हा अर्थ चिकटला तो इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनमुळे. १६२० साली त्याने निर्णायक पुराव्याला चौरस्त्यावरच्या दिशा दाखवणाऱ्या खांबाची उपमा दिली. क्रायसिसचे खरे सख्खे म्हणजे क्रिटिक, क्रिटिकल आणि क्रायटेरियन.

आता क्रायसिस. ‘आमच्याकडे गेली पंधरा वर्षं पाण्याचा क्रायसिस आहे’ हे वाक्य मी सारखं ऐकतो आणि दरवेळी वैतागतो. पंधरा वर्षं चालते ती टंचाई. क्रायसिस इतका लांबूच शकत नाही, कारण तो शब्दच मुळी एका घडीचा आहे. (आणि ‘एक क्रायसेस’ही नको, क्रायसेस हे अनेकवचन आहे.)

ग्रीक ‘क्रिनेइन’ म्हणजे वेगळं करणं, त्यावरून ठरवणं, न्याय देणं. त्याचं नाम ‘क्रिसिस’. हिपोक्राटीसच्या परंपरेतले वैद्य तापाचे दिवस मोजत, आणि ज्या दिवशी रोगी इकडे की तिकडे हे ठरे, त्याला क्रिसिस म्हणत. हे नुसतं पोथीतलं नव्हतं. पेनिसिलिन येण्यापूर्वी न्यूमोनियाच्या रोग्याला साधारण सातव्या दिवसाच्या आसपास दरदरून घाम फुटे आणि काही तासांत ताप खाली येई, नाहीतर रोगी हातचा जाई. डॉक्टर त्या उताराला क्रायसिसच म्हणत. ताप हळूहळू उतरला तर त्याला वेगळा शब्द होता, लायसिस. आपला मुदतीचा ताप बहुधा असाच सावकाश उतरे. तेव्हा अतिदक्षता विभागाबाहेर ‘पेशंट क्रिटिकल आहे’ असं सांगतात, तो प्रयोग अगदी अस्सल आहे.

पण मला खरा आनंद देतं ते त्याच्याही मागचं मूळ. ज्या धातूतून क्रिनेइन आला, त्याच्यातूनच लॅटिनमध्ये ‘क्रिब्रुम’ आला, आणि त्याचा अर्थ आहे चाळणी! दाणा आणि कोंडा वेगळा करायचा, मग खरं-खोटं वेगळं करायचं, मग निर्णय द्यायचा. हाच प्रवास मराठीने स्वतंत्रपणे केला आहे. ताटात तांदूळ पसरून बोटाने खडे कडेला सारतो, ते निवडणं. आणि पंच देतात तो निवाडा. एकच धातू, स्वयंपाकघरातून चावडीवर गेलेला. ग्रीकांचा क्रिसिसही असाच वैद्याकडे होता तसा न्यायासनावरही होता. बायबलच्या नव्या करारात अखेरच्या न्यायाला हाच शब्द आहे. म्हणून माझं ठाम मत आहे की क्रायसिसला मराठीत सर्वांत जवळचा शब्द ‘निवाड्याची घडी’. कोशकार ‘संकट’ लिहून मोकळे होतात ते मला साफ अमान्य आहे. संस्कृतात संकट म्हणजे अरुंद, कोंडीची जागा. त्यात माणूस अडकतो, पण काही ठरत नाही. अर्थाचा गाभाच गळून जातो.

आणखी एक खोटं नाणं बाजारात फिरतं: चिनी भाषेत क्रायसिस म्हणजे ‘धोका अधिक संधी’. जॉन केनेडींनी १९५९ साली भाषणात हे सांगितलं आणि तेव्हापासून व्यवस्थापनाचे वक्ते ते उगाळताहेत. क्रायसिसचा चिनी शब्द ‘वेइजी’, त्यातला ‘वेइ’ म्हणजे धोका, हे बरोबर. पण ‘जी’ म्हणजे इथे संधी नव्हे, तर काही सुरू होण्याचा किंवा पालटण्याचा नाजूक क्षण. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले चिनी भाषेचे अभ्यासक व्हिक्टर मेअर यांनी हे सविस्तर दाखवून दिलं आहे. तरीही हे वाक्य भिंतीवर चिकटवणाऱ्यांनी निदान एकदा चिनी कोश उघडावा.

पेचप्रसंग राजकारणापुरता चालेल. सरकार राहतं की जातं, अशा वेळी तो शोभतो. मात्र याहून जुना आणि नेमका शब्द आपल्याकडे होताच: आणीबाणीची वेळ. जून १९७५ नंतर तो एकाच घटनेच्या नावे लागला आणि लोक तो एरवी वापरायला बिचकू लागले. मी अजूनही वापरतो.