नागपुरातून मित्रांसोबत शनिवार-रविवार बाईकवर डोंगरात जायचंय, सुरुवात कुठून आणि कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की सहा मित्र आहात, गाड्या म्हणजे दोन बुलेट, एक केटीएम आणि बाकीच्या १२५ ते १५० सीसीच्या. एका गाडीवर मागे वहिनी बसणार आहेत आणि पहिल्याच शनिवार-रविवारी पचमढी गाठायचा बेत आहे. माझं स्पष्ट मत सांगतो. पचमढी पुढच्या वेळेसाठी ठेवा, पहिली राइड तामियाची, म्हणजे छिंदवाड्यापुढच्या सातपुड्यातल्या गावाची करा. आणि रस्ता ठरवण्याआधी कोणाची गाडी कोणाच्या मागे चालणार ते ठरवा. ग्रुप राइड बिघडते ती बहुतेक वेळा इथेच.

तामिया का, ते आधी. नागपूरहून छिंदवाडा साधारण सव्वाशे-एकशे तीस किलोमीटर आणि पुढे तामिया आणखी पन्नास-पंचावन्न. पहाटे निघालं तर रमतगमत, दोनदा चहा घेऊन जेवायच्या वेळेला पोचता. पचमढी त्याच रस्त्याने आणखी पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटर पुढे आहे, आणि हा शेवटचा तुकडा सगळा जंगलाचा आणि वळणांचा. सोबत चालवायची सवय नसलेला ग्रुप थकलेल्या अंगाने तिथे पोचतो आणि रविवारी सकाळी परतीची घाई करतो. शनिवारी अडीचशेवर किलोमीटर जायचं आणि रविवारी तेवढंच यायचं, तर पाहणं होतच नाही.

शिवाय छिंदवाड्याचा रस्ता शिकायला चांगला आहे. मानकापूर, कोराडी, पाटणसावंगी करत सावनेरपर्यंत बैतूलचा चौपदरी रस्ता, तिथे गाड्या एकमेकींना जुळतात. सावनेरला छिंदवाड्याचा फाटा घेतला की सौंसर, रामाकोना, आणि मग सिल्लेवानीचा घाट. नागपूरच्या माणसाचा सातपुडा खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो. ज्या देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहाने, 1702 साली नागपूर वसवलं, त्याचा किल्ला याच डोंगरांत आहे. ज्या वाटेने आपलं शहर आलं तिच्यावरून आपण जातो आहोत, हे मला दर वेळी जाणवतं.

आता गाड्यांची रांग. सगळ्यात पुढे लीड, सगळ्यात मागे स्वीप. हे दोघे ग्रुपमधले सगळ्यात शांत डोक्याचे हवेत. सगळ्यात भारी गाडी कोणाची, हा प्रश्नच नाही. लीडच्या लगेच मागे, म्हणजे दुसऱ्या नंबरवर, सगळ्यात कमी ताकदीची गाडी ठेवा. वहिनी ज्या गाडीवर आहेत ती १२५ची असेल तर तीच. लहान गाडी शेवटी ठेवली की ती दिवसभर पाठलाग करत राहते. पुढच्या गाड्या दोन वळणं पुढे निघून जातात, हा बिचारा त्यांना गाठायला जिथे करू नये तिथे ओव्हरटेक करतो, आणि सगळे त्याची वाट बघत थांबलेले असतात तिथे तो पोचला रे पोचला की ते निघतात. म्हणजे ज्याला विश्रांती सगळ्यात जास्त हवी, त्यालाच ती मिळत नाही. तीच गाडी दुसऱ्या नंबरवर आली की लीडला आरशात ती सतत दिसते आणि अख्ख्या रांगेचा वेग आपोआप तिच्या वेगावर येतो. केटीएमवाल्याला हे जड जाईल. त्याला स्वीप करा. मागून पुढे येऊन निरोप द्यायचा, परत मागे जायचं, यासाठी चपळ गाडी लागतेच, पण त्याला ते काम मनापासून करायचं असेल तरच.

दुसरा नियम याहून साधा आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा: प्रत्येकाने आपल्या मागच्याला सांभाळायचं. पुढच्याकडे बघून चालवायचं नाही, आरशात मागच्याचा दिवा आहे का ते बघत राहायचं. दिवा दिसेना झाला तर वेग कमी करायचा, तरी दिसेना तर सुरक्षित जागी थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमचा दिवा तुमच्या पुढच्याला दिसेना होतो, तोही थांबतो, आणि असं करत निरोप मोबाईलशिवाय लीडपर्यंत जातो. फाट्यावर मात्र एक गोष्ट पक्की: मागचा आपल्याला वळताना बघत नाही तोवर फाटा सोडायचा नाही. घाटात रेंज जाते, लाइव्ह लोकेशन तिथेच गोठून राहतं. हा नियम रेंजवर चालत नाही.

हे कसं दिसतं ते सांगतो. जुलैमध्ये आम्ही सिल्लेवानी चढत होतो. पाऊस थांबलेला, पण ढग रस्त्यावर उतरलेले, हेल्मेटची काच आतून धुरकटलेली. आमच्यात एक भाऊ शंभर सीसीची गाडी आणतात. तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुरत, एका लयीत चढते. ती दुसऱ्या नंबरवर होती. एका वळणानंतर माझ्या आरशातला पिवळा दिवा गेला. मी हळू झालो, मग डावीकडे मोकळी जागा बघून थांबलो. मिनिटभरात पुढचे दोघेही थांबलेले दिसले. कोणी हॉर्न वाजवला नाही, कोणी फोन काढला नाही. थोड्या वेळाने मागची गाडी आली, तिच्या मागे स्वीप. सामानाची बंजी कॉर्ड, म्हणजे आकडे लावलेली रबरी दोरी, सुटून चेनकडे लोंबायला लागली होती, स्वीपने ती बघितली आणि थांबवलं. काळ्या रबराला चेनचं ग्रीस लागलेलं, आणि आकडा स्पोकपासून बोटभर अंतरावर. दोन मिनिटांत ती परत बांधली आणि आम्ही निघालो. मागे कोणी बघणारं नसतं तर ते चाकात गेलं असतं.

तेव्हापासून आमच्याकडे बंजी कॉर्डवर बंदी आहे, सामान पट्ट्याने बांधायचं आणि लोंबणारं टोक आत खोचायचं.

सरळ रस्त्यावर गाड्या एक डावीकडे, एक उजवीकडे अशा तिरक्या रांगेत ठेवा आणि समोरच्यापासून किमान दोन सेकंदांचं अंतर राखा. घाट लागला की रांग एकेरी. प्रत्येकाला वळणावर आपल्या लेनची पूर्ण रुंदी लागते. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर ब्रेक शोधायचा नाही, आणि नजर वळण जिथे संपतं तिकडे. जिकडे बघाल तिकडे गाडी जाते, खड्ड्याकडे बघितलं की खड्ड्यात. डाव्या वळणावर वेग जास्त झाला तर गाडी बाहेर, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या अंगावर जाते. उजव्या वळणावर धोका वेगळा असतो आणि तो लवकर लक्षात येत नाही: चाकं आपल्या बाजूला असतात, पण झुकल्यावर डोकं आणि खांदा मधल्या पट्टीच्या पलीकडे गेलेला असतो. समोरून बस आली तर चाकं बरोबर असून उपयोग नाही. म्हणून उजव्या वळणावर पट्टीपासून चांगलं दूर राहायचं.

उतारावर इंजिनाला काम करू द्या. ज्या गिअरमध्ये चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल नाही, क्लच दाबून घरंगळणं नाही. सतत ब्रेक धरून उतरलं की ड्रम तापतो, ब्रेक पोकळ लागायला लागतो, आणि हे कळतं ते पुढच्या तीव्र वळणावर. लहान गाड्यांना मागे बहुतेक ड्रमच असतो आणि मागे कोणी बसलेलं असलं की भार वाढतो, म्हणून त्यांनी जास्त जपावं. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा डोंगरी रस्त्याचा कायद्यातलाही नियम आहे. भरलेला ट्रक एकदा थांबला की चढावर परत उचलणं किती अवघड, ते त्या ड्रायव्हरला विचारा. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या, गावात मात्र नको. पावसाळ्यात वळणाच्या आतल्या कडेला वाहून आलेली माती आणि बारीक खडी असते, हिवाळ्यानंतर सागाची वाळकी पानं. दोन्हींवर चाक सारखंच घसरतं.

तामियात पोचल्यावर गाड्या लावा आणि पायी हिंडा. दरीच्या कडेला उभं राहिलं की सातपुड्याच्या रांगा एकामागे एक दिसतात. दुपारी पाताळकोटच्या वरच्या कडेपर्यंत जाऊन येता येतं. शेकडो फूट खोल दरीत भारिया आणि गोंड लोकांची बारा गावं आहेत. तिथे सहा गाड्यांचा आवाज करत जाऊ नका, सायलेन्सर बदललेली बुलेट असेल तर ती तामियातच ठेवा. कोणाच्या अंगणाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. पावसाळा सरताना गेलात तर छिंदवाडा जिल्ह्यात रस्त्याच्या कडेला निखाऱ्यावरचे भुट्टे मिळतात. मका हे इथलं मोठं पीक. त्या चवीसाठी थांबायलाच हवं.

सामानाबद्दल थोडक्यात. आयएसआयचं पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, मागे बसणाऱ्यालाही तसंच. हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट, रेनकोट वर घालायचा. बुलेटला स्पोकची चाकं असतील तर आत ट्यूब असते, पंक्चर झालं की चाक खोलावं लागतं, म्हणून त्या मापाची ट्यूब आणि पान्हे सोबत हवेत. बाकी क्लचची वायर, प्लग, हवेचा छोटा पंप, चेनचं तेल, एवढं सगळ्यांत मिळून एकदा. पावसात भिजलेल्या चेनला मुक्कामी तेल द्या. पेट्रोल छिंदवाड्यात भरा, सगळ्यांनी एकदमच, ज्याची टाकी अर्धी आहे त्यानेही. आदल्या रात्रीची पार्टी नको, आणि राइड संपेपर्यंत दारू नाहीच. या बाबतीत मी कोणाचंच ऐकत नाही.

दोन-तीन राइड नीट झाल्या की पचमढी करा, पण तीन दिवसांची सुट्टी बघून. तामियावरून देलाखारी, मटकुली आणि मग वरचा घाट. धूपगड 1,352 मीटर, सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर. व्याघ्र प्रकल्पातल्या पॉइंटांसाठी वनखात्याचा परवाना आणि तिथली जिप्सी लागते, तेव्हा गाडी मुक्कामी ठेवायची तयारी ठेवा. महाशिवरात्रीला आणि नागपंचमीच्या सुमारास हा बेत टाळा. आपल्या विदर्भातून लोक महादेवाला, चौरागडला त्रिशूळ घेऊन आणि नागद्वारला जातात, रस्ता त्यांचा असतो आणि खोली मिळणं कठीण. यात्रेलाच जायचं असेल तर जरूर जा, पण रॅली म्हणून नको.

चिखलदऱ्यालाही जाच, साधारण सव्वादोनशे किलोमीटर. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे कोंढाळी, तळेगाव करत जुन्या अमरावती रस्त्याने, तिथून परतवाडा आणि घाट. हा रस्ता पश्चिमेला जातो, म्हणून सकाळी ऊन पाठीवर असतं आणि परतताना संध्याकाळीही. तुम्हाला बरं वाटतं, पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात सूर्य असतो आणि त्याला तुम्ही दिसत नाही. तो ओव्हरटेक करायला बाहेर येईल असं धरूनच चाला. पावसाळ्यातल्या रविवारी वर गाड्यांची रीघ लागते, त्यामुळे शनिवारी दुपारपर्यंत पोचून गाविलगड बघा आणि रविवारी गर्दी चढत असताना तुम्ही उतरा. परतवाड्यापुढचा मेळघाटातला रस्ता अंधारात करू नका, तिथे रात्र जनावरांची.

तामियाहून परतीला रविवारी नऊ-साडेनऊला निघा. दुपारच्या जेवणानंतर डोळे जड होतात, तेव्हा सौंसरजवळ जामसावळीच्या हनुमानाला थांबून अर्धा तास सावलीत बसा. सावनेरपुढे शहराची वाहतूक सुरू होते आणि घर जवळ आलं म्हणून वेग वाढतो, म्हणून रांग कोराडीपर्यंत मोडू नका. तिथून ज्याने त्याने आपापल्या वस्तीकडे जावं आणि पोचल्यावर स्वीपवाल्याला मेसेज करावा. ज्याचा मेसेज आला नाही, त्याला फोन लावायचं काम स्वीपवाल्याचं.