२००८ च्या पेट्रोल स्विफ्टला टर्बो बसवून टाइम अटॅकसाठी गाडी तयार करता येईल का? टर्बो कोणता घ्यावा, ताकद किती निघेल आणि पैसे किती लागतील? मी नागपूरला राहतो.

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: टर्बो कोणता घ्यावा, ताकद किती निघेल आणि पैसे किती लागतील. तिन्हींची उत्तरं देतो, पण क्रम माझा.

तुमच्या स्विफ्टमध्ये जे १२९८ सीसीचं इंजिन आहे, जी१३बीबी, तेच मी एका जुन्या एस्टीममध्ये टर्बो लावून चालवतो. आतापर्यंत एक इंजिन फोडलं, एक टर्बो जाळला आणि एक आख्खा रोल केज (गाडी उलटली तर जीव वाचवणारा आतला पाइपांचा सांगाडा) कापून भंगारात दिला. एवढी फी भरल्यावर थोडं बोलायला हरकत नसावी.

टाइम अटॅकमध्ये शेजारच्या गाडीशी टक्कर नसते. एक चक्कर टायर-ब्रेक तापवायची, एक-दोन चकरा जीव तोडून मारायच्या, मग एक थंड व्हायला. त्यातली सर्वांत जलद चक्कर तेवढी मोजतात. जपानच्या त्सुकुबा ट्रॅकवर, जो जेमतेम २ किलोमीटरचा आहे, एका मिनिटाच्या आत येणं हे कित्येक वर्षं मोठं स्वप्न मानलं जायचं. म्हणजे गाडीला तासभर नाही, दोन-तीन मिनिटं पूर्ण ताकदीने टिकायचं आहे. हे ऐकायला सोपं वाटतं. आता आपल्या गावच्या उन्हाचं गणित बघा.

टर्बो हवा दाबतो, आणि दाबलेली हवा तापते. १ बार बूस्ट धरा, म्हणजे हवेचा दाब दुप्पट. बाहेर २० अंश असताना, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा साधारण ११२ अंशांवर असते. बाहेर ४५ अंश असतील, तर तीच १४५ च्या जवळ जाते. शिवाय ४५ अंशांची हवा मुळातच २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ८ टक्के विरळ. म्हणजे ताकद कमी आणि नॉकिंगचा, म्हणजे इंधन सिलिंडरमध्ये अवेळी भडकण्याचा, धोका जास्त, दोन्ही एकाच वेळी.

माझं इंजिन याच गणिताने फुटलं. ट्यूनिंग केलं जानेवारीत, सकाळी सातला. गाडी अशी पळाली की बस्स. एप्रिलमध्ये दुपारी बाहेर काढली, तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनच्या रिंगमधला काठ तुटला आणि मागे निळा धूर. उघडल्यावर कळलं की चूक टर्बोची नव्हती, पेट्रोलचीही नव्हती. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर मी कंपनीने दिला त्याच जागी, एअर फिल्टरजवळ, टर्बोच्या आधी ठेवला होता. ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, दिसायचे ४२ अंश, इंजिनात जायची ऐंशीच्या वरची हवा. बिचारा ईसीयू टायमिंग मागे घेणार, म्हणजे ठिणगी उशिरा पाडणार कशाला? मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि नंतर सेन्सरच बिघडलेला निघाला, ते आठवत असेल. माझ्या गाडीत उलटं झालं, सेन्सर ठणठणीत होता, जागा चुकली होती. तो सेन्सर इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) नंतर, थ्रॉटलच्या तोंडाशी बसवायला हवा. बसवल्यावर साध्या थर्मामीटरशी ताडून बघा.

इंटरकूलर पुढे लावला की काम झालं असं नसतं. बंपरमधून येणारी हवा आळशी असते. बाजूने फट दिसली की तिकडून निघून जाते. ऑटोमोटिव्ह चौकाकडच्या एका पत्रेवाल्याकडून मी बंपरच्या तोंडापासून इंटरकूलर आणि रेडिएटरपर्यंत बंद पेटी करून घेतली, सांध्यांना फोम. किरकोळ खर्चात कुलंटचं तापमान जेवढं उतरलं, तेवढं महागड्या रेडिएटरनेही उतरलं नव्हतं. आणि एक नागपुरी खोड आहे, बोनेटच्या बिजागरीखाली वायसर घालून मागची बाजू उचलायची. सिग्नलला उभं असताना गरम हवा निघते, खरं आहे. पण वेगात काचेच्या बुडाशी हवेचा दाब जास्त असतो, तिथून हवा बाहेर येण्याऐवजी आत शिरू पाहते. छिद्रं करायचीच तर रेडिएटरच्या लगेच मागे, बोनेटच्या पुढच्या भागात करा.

आता टर्बो. आपल्याकडे ट्रकचा धंदा मोठा, त्यामुळे वाडीपासून कळमन्यापर्यंत टर्बो खोलणारे मिस्त्री भरपूर. मला एकाने सांगितलं होतं, "भाऊ, डिझेल गाडीचा टर्बो ठोकून देतो, विमान होऊन जाईन." ठोकला. चार महिन्यांत टर्बाइनच्या घराला तडे. पेट्रोल इंजिनाचा धूर ९०० अंशांच्या पुढे जातो, डिझेलचा त्याहून बराच थंड, आणि त्या टर्बोचं लोखंड त्या हिशेबानेच ओतलेलं असतं. पेट्रोल गाडीसाठी बनलेला छोटा टर्बोच घ्या, ज्याला पाणी आणि ऑइल दोन्हीची लाइन आहे. मोठा घेण्याचा मोह टाळा. कोइम्बतूरचा करी ट्रॅक सुमारे २.१ किलोमीटरचा, वळणामागे वळण; तिथे बूस्ट उशिरा आला तर तोवर पुढच्या ब्रेकची वेळ झालेली असते. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट पाच किलोमीटरच्या वर, सरळ पट्टा एक किलोमीटरहून लांब, तिथे मोठ्या टर्बोला अर्थ आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक या दोघांच्या मधला. आधी ट्रॅक ठरवा, मग टर्बो.

ऑइलची परतीची लाइन जाड ठेवा आणि टर्बोपासून संपपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीपर्यंत, सतत उतरती. तिथून ऑइल फक्त स्वतःच्या वजनाने खाली येतं. मध्ये कुठे चढ किंवा मोड आला की ते टर्बोतच तुंबतं, सील ओलांडतं, आणि लोक म्हणतात टर्बो खराब निघाला. संपमध्ये आडवे पत्रे टाका, नाहीतर लांब वळणावर ऑइल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातात. हे फ्यूज उडाल्यासारखं होतं, आधी काही कळत नाही.

ताकदीचं बोलू. मूळ इंजिन ८५-८७ बीएचपीचं. आतले पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड कंपनीचेच ठेवून अर्ध्या बारच्या आसपास थांबा. ११५ ते १२० निघाले तरी गाडीचं वजन बघता ते पुष्कळ आहेत. १५० हवे असतील तर फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन, कमी कॉम्प्रेशन, वेगळा ईसीयू आणि इंधन फवारणारे मोठे इंजेक्टर लागतील. इंजेक्टर मिनिटाला किमान ३०० सीसीचे, आणि हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला इंधन थोडं जास्त लागतं, तेही धरा. ट्रॅकच्या दिवशी मी १०० ऑक्टेनचं, म्हणजे नॉकिंगला सहज दाद न देणारं पेट्रोल भरतो. पण एक लक्षात ठेवा, ट्यूनिंग ज्या पेट्रोलवर झालं त्याच पेट्रोलवर पळवायचं. आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला साध्या डिफरन्शियलवर (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअर) १५० दिले, तर वळणातून निघताना आतलं चाक नुसतं फिरत राहतं.

कडू बोलतो, रागावू नका. टर्बोच्या आधी एक वर्ष हीच स्विफ्ट जशी आहे तशी ट्रॅकवर चालवा. चांगले ब्रेक पॅड, नवं ब्रेक ऑइल, सेमी-स्लिक (कमी खाचांचे, जास्त पकडीचे) टायर, बकेट सीट, बस. करीवर माझी वेळ टायर, ब्रेक आणि सरावाने चार सेकंदांनी कमी झाली. टर्बोने पहिल्या वर्षी दीड सेकंद दिले, आणि तो मिळवायला इंजिन गेलं ते वेगळं. ब्रेक ऑइल बदलण्याचा लोकांना कंटाळा असतो. डॉट ४ नवं असताना २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, पण तेच ओलावा धरलेलं १५५ ला उकळलं तरी नियमात बसतं. आपल्या पावसाळ्यातून गेलेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर जाऊ नका, पाय दाबाल आणि पेडल जमिनीला लागेल.

टायरची हवा गरम असताना मोजायची. ३५ अंशांना २६ पीएसआय भरली आणि आतली हवा ८० अंशांवर गेली की काटा ३२ च्या जवळ येतो. पहिल्या दिवशी मी पेट्रोल पंपावर ३२ भरून निघालो होतो. गाडी साबणावर चालल्यासारखी.

रोल केजची गोष्ट सांगून टाकतो. खिडक्यांच्या ग्रिल करणाऱ्या एका वेल्डरकडून बनवून घेतला, दिसायला झकास. तपासणीत नापास. पाइप शिवणीचा होता, म्हणजे ईआरडब्ल्यू. आंतरराष्ट्रीय नियमात मुख्य कमानीला बिनशिवणीचा, थंड ओढलेला पाइप लागतो: ४५ मिमी व्यासाचा २.५ मिमी जाडीचा, किंवा ५० चा २ मिमीचा. वाकवायचाही थंडच. हिंगणा एमआयडीसीत असा पाइप वाकवून देणारे सापडतात, फक्त डिझाइन आणि पाइपचा कागद हातात घेऊन जा.

आणि रस्ता. नाही म्हणजे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या नोंदीहून वेगळा बदल केलेली गाडी रस्त्यावर चालत नाही, सार्वजनिक रस्त्यावर शर्यतीसाठी कलम १८९ आहे, आणि ट्रॅकवर काही झालं तर साधा विमा हात वर करतो. समृद्धी महामार्ग दारात आहे म्हणून पोरं रात्री "टेस्टिंग" करून राहिले, तुम्ही त्यात जाऊ नका. ट्यूनिंग डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, करा. झिरो माइल आपल्या गावात असला तरी हे तिन्ही ट्रॅक हजाराच्या आसपास किंवा त्याहून लांब, त्यामुळे गाडी ट्रकवर चढवून न्यावी लागते. या ट्रकचं भाडं बजेटमध्ये कोणीच धरत नाही.

पैशांचं खरं सांगायचं तर गाडी धरून सात लाखांच्या वर गेलो तेव्हा मी हिशेबाची वही बंद केली. त्यातला टर्बो आणि पाइपिंगचा वाटा चौथाईसुद्धा नव्हता. बाकी सगळं टायर, केज, ट्रक, फी आणि दुसरं इंजिन.

एवढं वाचूनही उत्साह शिल्लक असेल तर आधी काहीच विकत घेऊ नका. इंजिन गरम करून चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजा. मिस्त्रीला गेज नसेल तर शंभर जागी मिळतो. इतक्या जुन्या इंजिनात एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच मागे असेल तर बोअरिंग आणि रिंग आधी, टर्बो नंतर. चारही आकडे आणि तुम्ही ठरवलेला ट्रॅक इथे लिहून कळवा, मग टर्बोच्या नेमक्या साइजचं बोलू.