एसी बंद असताना पंख्यासोबत ‘टक्’ आवाज येत असेल तर

तुम्ही लिहिलंय की जिप्सीला बाहेरून एसी बसवून घेतला, कंडेन्सरपुढे (एसीची रेडिएटरसारखी पुढची जाळी) इलेक्ट्रिक पंखा लावला, आणि आता एसी बंद असतानाही सिग्नलला उभं राहिलं की बॉनेटमधून ‘टक्’ असा आवाज येऊन आयडलिंग खाली बसतं. वायरमन म्हणतो, पंखा लोड घेतो, एवढं चालायचंच. नाही चालत. माझ्या जिप्सीचं अगदी हेच झालं होतं, उत्तरही हेच मिळालं होतं, आणि शेवटी कॉम्प्रेसर जाम झाला.

पंखा रिलेवर चालतो, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू करणाऱ्या स्विचवर; तो कशाला, फ्यूज बॅटरीजवळच का, यात जात नाही. घोटाळा रिलेच्या कॉइलच्या, म्हणजे तो छोटा करंट घेणाऱ्या वेटोळ्याच्या, वायरीत असतो. पंख्याला दोन ठिकाणांहून इशारा मिळतो: रेडिएटरच्या थर्मो स्विचकडून (इंजिन तापलं की लागणारा स्विच) आणि एसीकडून, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्लचच्या वायरीतून (क्लच म्हणजे फिरती पुली कॉम्प्रेसरला जोडणारा विजेवरचा भाग). बरेच वायरमन दोन्ही वायरी एकत्र पिळून रिलेच्या ८६ नंबरला (कॉइलची पिन) देतात. पंखा दोन्हीकडून लागतो, त्यामुळे काम चोख झालंय असंच वाटतं. पण इंजिन तापून थर्मो स्विचने प्लस दिला की तोच करंट जोडातून उलटा कॉम्प्रेसरच्या क्लचकडे जातो आणि एसी बंद असताना क्लच बसतो. तोच तुमचा ‘टक्’. (तुमचा थर्मो स्विच प्लसऐवजी अर्थ (मायनस) देणारा असेल तर प्रकार वेगळा, ते आधी तपासा.)

खरा धोका पुढे आहे. गॅस कमी झाला की कॉम्प्रेसर चालू नये म्हणून क्लचच्या वायरीत प्रेशर स्विच असतो. हा उलटा करंट त्या स्विचच्या पुढे शिरतो, म्हणजे सुरक्षाच बाद. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅससोबत फिरतं. माझ्या गाडीत एका जोडातून गॅस हळूहळू गळत होता, मी एसी लावतही नव्हतो, आणि कॉम्प्रेसर मात्र ट्रॅफिकमध्ये कोरडा फिरत होता. धातूचा चुरा कंडेन्सरपर्यंत गेला. ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, एसीचं सगळंच बदलावं लागलं.

कॉम्प्रेसर वॉरंटीत होता. वॉरंटीचं बघणाऱ्या कार्यालयाने आधी बसवल्याचं बिल मागितलं, ते दिल्यावर गॅसच्या प्रेशरच्या नोंदी मागितल्या, आणि शेवटी ‘वायरिंगमध्ये फेरफार’ असं लिहून फाइल बंद केली. गाडी बघायला कोणी आलं नाही, कॉम्प्रेसर उघडला नाही. वायरिंग त्यांनीच सुचवलेल्या माणसाने केलं होतं, हे मी लेखी दिलं. त्यावर आजतागायत उत्तर नाही. अजूनही संताप होतो. म्हणून सांगतो, काम चालू असताना प्रत्येक जोडाचे फोटो काढा आणि बिलावर ‘वायरिंगसह’ असं लिहून घ्या.

तपासणी सोपी आहे. एसी बंद ठेवून इंजिन आयडलवर तापू द्या आणि लांबूनच कॉम्प्रेसरची पुली बघा. बेल्टमुळे पुली कायम फिरते, पण तिच्या तोंडावरची प्लेट स्थिर हवी. पंखा लागताक्षणी ती प्लेट फिरायला लागली तर दुसरा पुरावा नको.

उपाय म्हणून काही जण दोन्ही वायरींत १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) टाकतात, पट्टीची बाजू रिलेकडे. चालतं. पण बॉनेटमधल्या उष्णतेत आणि धक्क्यांत ते बारीक पाय मोडतात, त्यामुळे माझं मत दोन वेगळ्या रिलेंचं. एकाची कॉइल थर्मो स्विचवर, दुसऱ्याची एसीवर, आणि दोन्हींचे ८७ (रिलेतून करंट बाहेर देणारी पिन) एकत्र करून पंख्याला. कॉइल एकमेकांना जोडलेल्याच नसल्यामुळे उलटा करंट जायला वाट उरत नाही. खर्च एका रिलेचा.

जाता जाता पंख्याची दिशाही बघा. पंखा चालू असताना ग्रिलसमोर कागद धरा, तो आत ओढला गेला पाहिजे. प्लस-मायनस उलटे लागले तर पंखा समोरून येणारी हवाच अडवतो. आणि अर्थचा बोल्ट रंगावर कसू नका, पत्रा खरवडून घ्या.

मी व्यवसायाने वायरमन नाही, तुमची गाडी पाहिलेली नाही. पंखा ईसीएमवर (इंजिनच्या कॉम्प्युटरवर) चालणाऱ्या गाड्यांत यातलं काहीही करू नका.

तोवर एक करा: कॉम्प्रेसरच्या क्लचचा कपलर (वायरीचा जोड) काढून टोकाला टेप गुंडाळा. गॅसचं प्रेशर मोजून घेतल्याशिवाय आणि वायरिंग सुटं केल्याशिवाय तो परत लावू नका, वायरमन काहीही म्हणो.